हातानं फिरवून बघितलीस काय?

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले एकदोन तपशील लिहून काढताना भरले आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'माझी परदेशातली वाटचाल'. मी त्यांना म्हटलं, माझ्या वाटचालीत सांगण्यासारखं काही नाही. सकाळी लॅपटॉप उघडते, संध्याकाळी मिटते. त्यापेक्षा मी बांधलेल्या गाडीबद्दल बोलते, आणि ती गाडी जे आवाज करत होती त्यांच्याबद्दल. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बांधलेली म्हणजे? घर बांधतात, गाडी बांधतात होय?"

इंग्लंडमध्ये बांधतात. तिकडे तो एक जुना छंद आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन या माणसानं लोटस सेव्हन नावाची एक चिमुकली दोन माणसांची गाडी काढली. दारं नाहीत, छप्पर असलं तर कापडाचं. पूर्ण तयार गाडी घेतली की सरकार खरेदी कर लावायचं; सुटे भाग घेऊन घरी जोडली तर तो कर लागत नसे. त्यामुळे लोक खोक्यांतून गाडी घरी आणू लागले. जोडणीची माहितीपुस्तिका द्यायलाही कायद्याची आडकाठी होती म्हणे, म्हणून कंपनीनं गाडी 'सुटी कशी करावी' याची पुस्तिका दिली आणि लोकांनी ती उलटीकडून वाचली, असं सांगतात. आपल्या इचलकरंजीच्या माणसाला ही युक्ती सांगावी लागत नाही. १९७३ साली खरेदी कर जाऊन तिकडे व्हॅट आला. त्याच वर्षी त्या सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि त्या वळणाच्या गाड्या आजतागायत निघतात. त्याच धर्तीची किट देणारे लहानसहान कारखानदारही बरेच आहेत. माझं किट त्यातल्याच एका छोट्या कारखान्याचं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, आणि आतलं सगळं एका जुन्या माझ्दा एमएक्स-५ मधून काढलेलं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल, सगळं.

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, मी सांगलीला मेकॅनिकलला गेले होते. वर्गात आम्ही तिघीच मुली. चार वर्षं लेथवर हात काळे केले आणि शेवटच्या वर्षी कॅम्पसमध्ये आलेल्या सॉफ्टवेअर कंपनीनं उचललं. त्यानंतर बावीस वर्षं मी पाना हातात धरला नव्हता. चाळिशी ओलांडल्यावर माणसाला काहीतरी सुचतं. कुणी मॅरेथॉन पळतं, कुणी ट्रेकला जातं. मी गॅरेजमध्ये सांगाडा आणून ठेवला. नवरा म्हणाला, "भंगारवालासुद्धा एवढं घरात घेऊन बसत नाही." चौदा महिन्यांचे शनिवार-रविवार गेले. तिकडे अशा गाडीला रस्त्यावर आणण्याआधी सरकारी तपासणी असते. ब्रेक, दिवे, आरसे, एक्झॉस्टचा आवाज, इतकंच काय, बाहेर आलेल्या नटाची धार कुणाच्या पायाला लागेल का तेही बघतात. त्यासाठी मी नटांना प्लास्टिकच्या टोप्या घातल्या होत्या. लेक म्हणाली, "आई, तुझी गाडी कानटोपी घालून बसलीय." ती तपासणी झाली, नंबर मिळाला आणि मी पहिल्यांदा गाडी घेऊन बाहेर पडले.

पहिल्या दहा मिनिटांत मला चार वेगवेगळे आवाज ऐकू आले.

आता हे समजून घ्या की नेहमीच्या मोटारीत हे सगळे आवाज असतातच. आपल्याला ते ऐकू येत नाहीत, कारण मध्ये गालिचा असतो, फोम असतो, रबर असतं, डांबराच्या चादरी चिकटवलेल्या असतात. माझ्या गाडीत गिअरबॉक्स आणि माझी मांडी यांच्यामध्ये एक पातळ पत्रा. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, दोन्ही सीटच्या मधल्या बोगद्यातून जातो. माझ्या डाव्या कमरेपासून तो एका वितीवर फिरतो. तेव्हा आवाज येणारच. तोच कशाचा येतोय हे कळलं पाहिजे.

एक आवाज होता उभ्या गाडीतला. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, क्लच सोडलेला, की डब्यात शेंगदाणे हलवावेत तशी खडखड. क्लच दाबला की गप्प. हा सगळ्यात निरुपद्रवी. न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्समधली दात्यांची चाकं एकमेकांत अडकलेलीच असतात आणि काम नसल्यामुळे शाफ्टवर सैल फिरत असतात. इंजिनाचा प्रत्येक धक्का त्यांच्यापर्यंत पोचतो आणि दाते एकमेकांवर आपटतात. क्लच दाबला की इंजिन सुटतं, चाकं थांबतात. बेअरिंग गेलं असतं तर खडखडीऐवजी घरघर आली असती. हा आवाज मी वहीत लिहिला आणि सोडून दिला.

दुसरा, धावत्या गाडीत मागून येणारी बारीक शिट्टी. डिफरन्शियलच्या क्राउन आणि पिनियनचे दाते एकमेकांवर घासताना ती येते. अ‍ॅक्सिलेटर दिला की एक सूर, सोडला की दुसरा. ऑइलची पातळी तपासली, ठीक होती.

तिसरी होती घुमघुम. ताशी ४० मैलांच्या पुढे सुरू व्हायची, आणि ती कानाआधी पाठीला कळायची.

आणि चौथा, ठक्. अ‍ॅक्सिलेटर सोडला की एकदा, दिला की एकदा. दाराची कडी कुणीतरी बाहेरून हलवावी तसा.

तिथे आम्हा गाडी बांधणाऱ्यांचा एक गट महिन्यातून एकदा जमतो. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे गोरे आजोबा. फार चांगली माणसं. मला वेल्डिंग त्यांच्यातल्या एकानं शिकवलं. त्यांना मी चारही आवाज सांगितले. त्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, की या गाड्यांचं हे असंच असतं. ठक्‌बद्दल तर एकानं मला कागदावर चित्र काढून दाखवलं. क्राउन-पिनियनमध्ये थोडी ढिलाई ठेवावीच लागते, नाहीतर दाते जळतील. शाफ्टच्या खाचांमध्ये थोडी असते, जॉइंटमध्ये थोडी. सगळ्यांची बेरीज झाली की भार उलटताना ठक् होणारच. हे खरंच आहे. इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं त्यात काही चूक नाही. म्हणून तर मी ते मानलं.

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे. "असतंय ते."

माझे आबा जॉबर होते हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेमागच्या बोळातल्या त्या शेडमध्ये. आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी माग होते, आणि उरलेल्या निम्म्यांचे आईवडील त्या मागांवर होते. दुपारच्या तासाला बाई फळ्यावर लिहायच्या आणि खिडकीतून खडखडाट आत यायचा. तो बंद पडला की आपण सगळे माना वर करायचो, कारण लाइट गेलेली असायची. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव त्या आवाजात झोपतं आणि उठतं. आबा बारा बारा तास त्यात उभे असायचे. चोवीस मागांच्या गलक्यात एखाद्याचा धोटा पेटीत जरा उशिरा पोचला तर त्यांना दारातून कळायचं. कुठला माग तेही. मी त्यांना डबा द्यायला जायची तेव्हा ते माझ्या ओठांकडे बघून बोलणं समजून घ्यायचे. मला वाटायचं सगळ्यांचेच वडील असं करतात.

आता मी राहते मँचेस्टरजवळ. महाराष्ट्राच्या मँचेस्टरमधून खऱ्या मँचेस्टरला गेले, हा विनोद मी स्वतःच करून टाकते म्हणजे तुम्ही करायला नको. आबा तिकडे आले होते तेव्हा त्यांना बर्नलीला क्वीन स्ट्रीट मिल दाखवायला नेलं. जुनी कापड गिरणी, आता संग्रहालय. वाफेच्या इंजिनावर चालणारे लँकेशायर माग तेव्हा चालवून दाखवत होते. माग सुरू झाले आणि आबा खुलले. तिथल्या बाईंनी सांगितलं की इथल्या विणकरणी आवाजात एकमेकींशी ओठ मोठे हलवून, तोंडानं आवाज न काढता बोलायच्या. त्या बोलण्याला तिकडे 'मी-मॉ' असं नावच आहे. मी आबांना ते भाषांतर करून सांगायला वळले तर ते माझ्या ओठांकडेच बघत होते.

परत गाडीकडे येते.

ठक् हा 'असतंय ते' म्हणून बाजूला ठेवला. घुमघुमीनं मात्र माझं डोकं धरलं, कारण ती मोजता येण्यासारखी होती. मी सॉफ्टवेअरवाली. मोजता येईल ते मला खरं वाटतं. आधी साधे प्रयोग केले. ५० मैलांच्या वेगात क्लच दाबला, गिअर काढला, गाडी तशीच पळू दिली. घुमघुम तशीच. म्हणजे इंजिन सुटलं. त्याच वेगात चौथ्याऐवजी पाचवा टाकला. सूर बदलला नाही. म्हणजे हा आवाज रस्त्याच्या वेगाशी बांधलेला, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे काहीतरी. चाकांचं बेअरिंग असेल म्हणून गाडी मोकळ्या रस्त्यावर थोडी डावी-उजवी झुलवली. वळताना एका बाजूवर भार वाढतो, तेव्हा बेअरिंगचा आवाज बदलतो. बदलला नाही.

मग लेकीला शेजारी बसवून फोनवर आवाज नोंदवला आणि लॅपटॉपवर त्याची वारंवारिता काढली. आठवीत बाईंनी नादकाटा टेबलावर आपटून पाण्यात बुडवला होता आणि पुढच्या बाकावर पाणी उडालं होतं, आठवतं? त्यातलंच हे. ५० मैल म्हणजे ताशी ८० किलोमीटर, सेकंदाला सव्वाबावीस मीटर. माझ्या चाकाचा एक फेरा साधारण १.८ मीटरचा. म्हणजे चाक सेकंदाला बाराच्या वर फेरे घेतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१, म्हणजे शाफ्ट सेकंदाला साधारण ५० फेरे घेतो. आणि आलेखावरचं टोक होतं १०१ हर्ट्झला. शाफ्टच्या बरोबर दुप्पट. ४० मैलांना ८१. ६० मैलांना १२२. प्रत्येक वेळी दुप्पट.

ही दुप्पट फार बोलकी आहे. रोटाव्हेटरला ट्रॅक्टर जोडणारा दांडा तुम्ही पाहिला असेल. दोन्ही टोकांना क्रॉस असतो. क्रॉसचा एक दोष असा की दांडा कोनात असला तर एका बाजूनं एकसारखा फिरवला तरी दुसऱ्या बाजूला तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. म्हणून दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात उलटा ठेवतात, म्हणजे एकानं केलेली गडबड दुसरा निस्तरतो. दोन्ही कोन सारखे नसले तर गडबड शिल्लक राहते, फेऱ्याला दोनदा. मूळ माझ्दात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब ताठ पट्टी असते, त्यामुळे कोन आपोआप जुळलेले राहतात. माझ्या सांगाड्यात ती पट्टी बसत नाही. डिफरन्शियल कुठल्या कोनात बसवायचं ते मी ठरवलं होतं. म्हणजे चूक माझीच, आणि तीही मोजून सापडलेली. मला फार आनंद झाला. तीन शनिवार-रविवार मी आलेख काढण्यात घालवले. गाडीखाली एकदाही गेले नाही.

रविवारी घरी व्हिडिओ कॉल असतो. आबांशी बोलायचं म्हणजे समोर तोंड धरून, सावकाश. मधे भाऊ बसतो, काही राहिलं तर तो त्यांच्या कानात ओरडतो. मी उत्साहानं लॅपटॉपवरचा आलेख दाखवला, नोंदवलेला आवाज फोनवर लावला. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "लाव की."

मी लावला होता. तो वाजत होता. घुमघुम इतकी खालच्या पट्टीतली की फोनचा चिमुकला स्पीकर ती काढूच शकत नाही. आणि वरची शिट्टी, जी मला स्पष्ट ऐकू येत होती, ती आबांच्या कानापर्यंत पोचतच नव्हती. खालचा आवाज माझ्या यंत्रानं गाळला आणि वरचा त्यांच्या कानांनी.

मी दोनदा लावला. भाऊ म्हणाला, ताई, राहू दे. मग आबांनीच विचारलं, "किती दिस झालं हे चाललंय?"

"तीन आठवडे."

"गाडी बंद करून हातानं फिरवून बघितलीस काय?"

मी म्हटलं, आबा, हा आवाज ५० मैलांच्या वेगातच येतो, उभ्या गाडीत येत नाही. ते माझ्या ओठांकडे बघत होते. कळलं की नाही माहीत नाही. त्यांनी परत तेच सांगितलं, जरा रागानं. "माग चालू असताना आवाज सांगतोय कुठं बघायचं ते. काय झालंय ते बंद माग सांगतोय. बंद कर, चाक हातानं फिरीव, आणि कोण कुणाच्या आधी हलतंय ते बोटानं बघ. एवढं शिकलीस आणि..." पुढचं ते बोलले नाहीत. भाऊ हसला.

त्याच दुपारी मी गाडी स्टँडवर चढवली आणि खाली झोपले. मनात काही शंका होती म्हणून नव्हे. आबा पुढच्या रविवारी विचारणार हे माहीत होतं म्हणून. गाडी गिअरमध्ये टाकली, शाफ्ट डिफरन्शियलजवळ दोन्ही हातांनी धरला आणि पिळल्यासारखा मागेपुढे केला. थोडी ढिलाई होती, चित्रात दाखवली तशी. मग आबांनी सांगितलं तसं एक बोट जोडावर ठेवलं. शाफ्टच्या टोकाची गोल चकती डिफरन्शियलच्या गोल चकतीला चार बोल्टांनी आवळलेली असते. त्या दोन चकत्या एकच तुकडा असल्यासारख्या हलायला हव्यात. माझ्या बोटाखाली एक आधी हलत होती आणि दुसरी नंतर.

ठक्.

चारांपैकी दोन बोल्ट मी बोटांनी फिरवले. पाना लागला नाही. तिसरा अर्ध्या फेऱ्यात आला. चौथा घट्ट होता. सगळी गाडी त्या एका बोल्टवर चालली होती.

माझ्याकडे जोडणीची यादी होती, लॅपटॉपवर, तीनशेच्या वर ओळींची. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं ठरलेल्या मापाला आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि यादीत 'पूर्ण' लिहायचं, असा माझाच नियम. या चार बोल्टांवर ठिपका नव्हता. यादीत मात्र 'पूर्ण' होतं. नंतर आठवलं. त्या दिवशी शाफ्ट परत काढायचा होता म्हणून बोल्ट हातानंच बसवले होते. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, कुठलातरी सर्व्हर पडला होता, रात्री अकरापर्यंत तेच चाललं. मग झोपण्याआधी लॅपटॉपवर दिवसाची यादी भरून टाकली. ओळीमागून ओळ. पूर्ण, पूर्ण, पूर्ण. आणि घुमघुमीची थरथर रोज त्याच जोडाला हलवत होती. सैल बोल्ट आणखी सैल व्हायला दुसरं काय लागतं?

तो चौथा बोल्ट सुटला असता तर काय झालं असतं हे मी तुम्हाला चित्र काढून दाखवणार नाही. ६० मैलांच्या वेगाला तो शाफ्ट सेकंदाला साठ फेरे घेतो, आणि बोगद्याचा पत्रा किती पातळ ते मघाशी सांगितलं. त्या बोगद्याच्या एका बाजूला मी बसते. दुसऱ्या बाजूला, हातात फोन धरून, तीन आठवडे माझी लेक बसली होती. तिला मीच सांगत होते, "माइक बोगद्याच्या जवळ धर."

मी बराच वेळ गाडीखालीच पडून राहिले.

नंतरचं काम चार दिवसांचं. चारही बोल्ट आणि नट नवे, कारण एकदा असे घासलेले परत वापरत नाहीत. आवळले, ठिपके दिले. कोन मोजले. पुढचा एक अंश, मागचा साडेतीन. डिफरन्शियलच्या मागच्या पकडीखाली जाड वॉशर घालून ते थोडं कलवलं. घुमघुम पुरती गेली नाही, पण पाठीला कळत नाही एवढी झाली. ठक् मात्र अजून आहे, बारीक, चित्रात दाखवला तेवढाच. त्या आजोबांनी सांगितलेलं खोटं नव्हतंच. एकाच आवाजात दोन कारणं लपलेली होती, आणि पहिलं पटल्यावर मी दुसरं शोधलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी आबांना सांगायला बसले. तुमचं बरोबर होतं, बोल्ट सैल होते. त्यांनी "काय?" केलं. मी परत सांगितलं. भावानं कानात सांगितलं. शेवटी मी कागदावर ठळक अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं: बोल्ट सैल होते. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "मग आवळ की."

तो कागद हातात धरून मला जे वाटलं ते इथे, या शाळेत, नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. गाडीतल्या चार आवाजांसाठी मी आलेख काढले. आणि माझे वडील वीस वर्षं सांगत होते की कानात रातकिडे ओरडतात, माणसाचं बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत. आम्ही सगळे, आई, भाऊ, मी इंजिनिअर, म्हणत होतो की मागावरच्या माणसाचं असतंय ते. ते स्वतःही तेच म्हणायचे.

मी सुट्टी काढून आले आणि त्यांना सांगलीला घेऊन गेले. एका बंद खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून त्यांनी आबांच्या ऐकण्याचा आलेख काढला. तसला आलेख मला वाचता येत होता. खालच्या सुरांना बरा, दोन हजार हर्ट्झच्या पुढे घसरण, आणि चार हजाराला खड्डा. मोठ्या आवाजानं गेलेल्या कानाची ती सही असते. डॉक्टरांनी कारण विचारायच्या आधी सांगितलं, "माग?" आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. मागाच्या शेडमध्ये आवाज बऱ्याचदा त्याच्या वर असतो, आणि डेसिबलचं गणित असं की दहानं वाढला म्हणजे कानावरची ऊर्जा दहापट होते. आबांची पाळी बारा तासांची होती, तीस वर्षं. त्या चार हजाराच्या आसपासच स, श, त, क ही आपली अक्षरं राहतात. म्हणून आवाज कळतो, शब्द कळत नाही. गेलेलं परत येत नाही. यंत्र लावून उरलेलं थोडं मोठं करता येतं, एवढंच.

काल रात्री जेवताना आपल्यातल्या एकाशी बोलले. त्याची आता रेपिअर मागांची मोठी शेड आहे. म्हणाला, "बोळे आणून ठेवलेत गं, घालत नाहीत पोरं. म्हणतात, कान बंद केला तर मागाचं दुखणं कसं कळणार?" हेच आबाही म्हणायचे, म्हणून मी त्याच्यावर हसले नाही. फक्त सांगितलं की मी बोळे घालूनच गाडी चालवते. त्या वाऱ्यात आणि आवाजात तिकडे सगळेच घालतात. बोळा सगळंच थोडं खाली आणतो. ठक् तरी ऐकू येतो. त्यानं सोमवारी शेडमध्ये यायला सांगितलंय. आबांना घेऊन जाणार आहे. पोरं माझं ऐकणार नाहीत, त्यांचं ऐकतील.

आबांची कानातली यंत्रं बहुतेक वेळ डबीतच असतात. भांड्यांचा आवाज फार होतो म्हणतात. पण परवा, मी निघायच्या आधीच्या रविवारी, त्यांनी ती आपणहून घातली होती आणि मला गाडी सुरू करून फेरी मारायला सांगितली. लेकीनं शेजारी बसून फोन धरला. अर्धा मैल जाऊन आले, गाडी उभी केली आणि पडद्यावर बघितलं. आबा कपाळाला आठी घालून बसले होते.

"ही शिट्टी कसली गं?"

डिफरन्शियलची. पहिल्या दिवसापासून होती. त्यांना आत्ता ऐकू आली.

मी म्हटलं, "ती असते आबा. असतंय ते."

"असतंय म्हणजे?" आबा म्हणाले. "फिरवून बघितलीस काय?"